दुःखाची बिनपगारी हमाली

७ जून २०२१ रोजी दुपारी मुळशी तालुक्यातील उरवडे येथील एका रासायनिक कारखान्याला आग लागली आणि १७ कामगार जळून मेले. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या. मृतदेहांची ओळख पटविण्यासाठी डीएनए तपासणीचा आधार घ्यावा लागला, इतकी ती आग भीषण होती. राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख व केंद्र सरकारने २ लाख रुपये जाहीर केले. मंत्री येऊन गेले, चौकशी समिती नेमली गेली, गुन्हा नोंदवला गेला. सरकारी रिवाजाप्रमाणे जे जे व्हावयाचे ते ते झाले.

या रिवाजात एक माणूस कोठेच बसत नाही. तो म्हणजे शाळेतला मास्तर, अथवा बाई. कारखान्यात मजुरीला जाणारी स्त्री ही बहुधा कुणातरी शाळकरी मुलाची आई असते. ती एके दिवशी घरी परत येत नाही. सुतक फिटते, पाहुणे पांगतात, वारसांच्या नावे धनादेश निघतो, आणि मूल पुन्हा वर्गात येऊन बसते. उरवड्याच्या आगीच्या वेळी करोनामुळे शाळांना कुलूप होते. ग्रामीण भागातील पाचवीपासूनचे वर्ग ४ ऑक्टोबर २०२१ पासून व पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबर २०२१ पासून उघडण्याचा निर्णय झाला. म्हणजे आगीनंतर चार ते सहा महिन्यांनी ही मुले शिक्षकासमोर आली असणार. तीही एकटी नव्हेत, करोनात बाप, आजी, चुलता गमावलेल्या मुलांच्या सोबत. मधल्या काळात त्यांच्या मनात काय साचले असेल ते ज्याच्यासमोर बाहेर पडावयाचे, तो सरकारचा एकमेव नोकर म्हणजे शिक्षक. तलाठी पंचनामा करतो, पोलीस जबाब घेतो, डॉक्टर दाखला देतो. मूल रडते ते शिक्षकापुढे. आणि ते एकदाच रडत नाही. 'माझी आई' या विषयावर निबंध लिहावयाचा असतो त्या दिवशी रडते, पालकसभेच्या दिवशी रडते, कोठे तरी काही जळल्याचा वास आला म्हणूनही रडते.

परक्याचे दुःख सतत ऐकणाऱ्याच्या मनावर जो घाव होतो त्याला मानसशास्त्राने दुय्यम आघातजन्य ताण असे नाव दिले आहे. अपघात ज्याच्यावर ओढवला त्याला होणारा तो प्राथमिक आघात. त्याची कहाणी दिवसेंदिवस कानांत साठवणाऱ्याला होणारा तो दुय्यम. अमेरिकेतील चार्ल्स फिग्ली यांनी १९९५ च्या सुमारास या विषयाची नीट मांडणी केली, तेव्हा त्यांच्या नजरेसमोर प्रामुख्याने आघातग्रस्तांवर उपचार करणारी माणसे होती. लक्षणे मात्र ओळखीची आहेत. रात्री झोप लागत नाही. न पाहिलेली आग डोळ्यांपुढे दिसते. त्या मुलाच्या बाकाकडे पाहणे टाळले जाते. क्षुल्लक कारणाने संताप येतो, आणि मग एके दिवशी काहीच वाटेनासे होते. कामाच्या कंटाळ्याहून वा थकव्याहून ही गोष्ट निराळी आहे. थकलेला माणूस सुटी मिळाली की ताजा होतो. हा माणूस सुटीतही वर्गातच असतो.

हे पाश्चात्य फॅड आहे, असे म्हणणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत, आणि ते केवळ उजव्या गोटात नाहीत. त्यांच्या समाधानासाठी पुणे जिल्हा सोडून लांब जाण्याची गरज नाही. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५० हून अधिक माणसे गाडली गेली. शाळेची इमारत उभी राहिली. तिच्यात बसावयाची कितीतरी मुले आपापल्या घरांत गेली. हजेरीपटावर नावे तशीच होती. ज्या शिक्षकाने आदल्या दिवशी त्या नावांचा पुकारा केला असेल त्याने दुसऱ्या दिवशी काय करावयाचे, याविषयी शिक्षण खात्याच्या कोणत्या नियमपुस्तकात एखादी ओळ आहे काय? पुढे १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे बेपत्ताच राहिली आणि शोध थांबविण्यात आला. ताम्हिणीच्या घाटमाथ्यावरचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे त्या मुळशीकरांना या दोन्ही घटना परक्या वाटण्याचे कारण नाही. डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांतील शाळांवर नेमलेला प्रत्येक शिक्षक जुलै महिन्यात कोणत्या मनःस्थितीत हजेरी घेत असेल, याची कल्पना पुण्यातील शिक्षण आयुक्तालयाच्या मजल्यांवरून येणार नाही.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा या संदर्भात वाचून पाहण्यासारखा आहे. त्याच्या २७ व्या कलमाने शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई केली आहे, असे सांगून मंत्री टाळ्या घेतात. त्याच कलमात तीन अपवाद आहेत: दशवार्षिक जनगणना, निवडणुका आणि आपत्ती निवारण. पहिल्या दोहोंबद्दल शिक्षक संघटनांनी कंठशोष केला आहे, तो रास्तच आहे. तिसऱ्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. शिक्षकाला आपत्तीच्या तोंडी पाठविण्याची मुभा कायद्याने सरकारला दिली. तो तेथून परत आल्यावर त्याची वास्तपुस्त करण्याची जबाबदारी मात्र कोणावरही टाकली नाही. करोनात हेच झाले. शिक्षक नाक्यांवर उभे राहिले, घरोघर जाऊन ताप मोजत फिरले, सप्टेंबर २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' या मोहिमेत राबले. करोनाच्या कामावर असताना मेलेल्या कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला ५० लाखांचे कवच जाहीर झाले. मेला तर पन्नास लाख आणि जगला तर काहीच नाही, असा हा हिशेब आहे. शरीर पडले की सरकारला ते दिसते. मन पडले तर त्याचा पंचनामा करणारा तलाठी अद्याप जन्मावयाचा आहे.

दुसरा कायदा २०१२ चा, लैंगिक अत्याचारांपासून बालकांच्या संरक्षणाचा. त्याच्या १९ व्या कलमानुसार अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकावर ती पोलिसांना कळविण्याचे बंधन आहे आणि न कळविल्यास २१ व्या कलमाखाली शिक्षा आहे. हे बंधन योग्यच आहे. त्यात तसूभरही ढिलाई होता कामा नये. पण या बंधनाचा प्रत्यक्ष भार कोणावर पडतो ते पाहावे. घरात बोलता येत नाही ते मुलगी वर्गातल्या बाईंना सांगते. बाईंनी ते ऐकावयाचे, गावाच्या रोषाला तोंड देऊन ठाण्यात जावयाचे, पुढे न्यायालयात साक्ष द्यावयाची, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वर्गात गणित शिकवावयाचे. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतील प्रकार उघडकीस आल्यावर राज्यात संतापाची लाट उसळली. त्यातून शाळाशाळांत कॅमेरे बसविण्याचे आणि १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने नेमावयाच्या सखी सावित्री समित्या जाग्या करण्याचे आदेश सुटले. कॅमेरा शिक्षकावर नजर ठेवील. शिक्षकाकडे पाहील कोण?

येथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यावयास हवा, कारण तो श्रमिकांच्या वस्त्यांत काम करणारे कार्यकर्ते घेतात. ते म्हणतात, मरते ती मजुरीण, पोरके होते ते तिचे मूल. दरमहा पगार घेणाऱ्या आणि उन्हाळ्याची सुटी उपभोगणाऱ्या शिक्षकाच्या मनाची चिंता हे मध्यमवर्गीय चोचले होत. आक्षेपातील राग खरा आहे. त्याचा रोख चुकला आहे. दुःख ऐकून ऐकून ज्याचे मन सोलवटले त्याच्यापुढे स्वतःला वाचविण्याचा एकच मार्ग उरतो: विचारणे बंद करणे. मूल चार दिवस गैरहजर राहिले तरी तो कारण विचारीत नाही. विचारले तर उत्तर ऐकावे लागेल. अंगावरचे वळ त्याला दिसत नाहीत. कातकऱ्याचे पोर दिवाळीनंतर आईबापांबरोबर कोळसाभट्टीवर वा वीटभट्टीवर निघून गेले की तो हजेरीपटावर निमूटपणे रेघ मारतो. आपण ज्याला निर्ढावलेला सरकारी मास्तर म्हणून शिव्या घालतो, तो पुष्कळदा आरंभी फार ऐकलेला मास्तर असतो. आणि काहींच्या बाबतीत ही बधिरता छडीच्या रूपाने बाहेर पडते. शारीरिक शिक्षेला व मानसिक छळाला त्याच २००९ च्या कायद्याच्या १७ व्या कलमाने बंदी आहे. बंदीचा कागद रागाचे मूळ खणीत नाही. या सगळ्यात नुकसान होते ते मजुरिणीच्याच मुलाचे. श्रीमंताच्या मुलाला समुपदेशक मिळतो. हिंजवडीच्या माहिती-तंत्रज्ञान नगरीभोवती ज्या महागड्या शाळा उभ्या राहिल्या तेथे अशा माणसाची नेमणूक हा जाहिरातीचा मजकूर असतो. त्याच तालुक्यात, मुळशी धरणाच्या फुगवट्याकाठी ज्या द्विशिक्षकी शाळा आहेत, तेथे मुलाचे ऐकून घेणारे कान फक्त दोघांचे. ते कान बंद झाले तर गरिबाच्या मुलाला उरते ते काय?

हा तालुका दुःख गिळण्यात जुना आहे. टाटांच्या वीज प्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधावयाचे ठरले तेव्हा १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मावळ्यांनी सत्याग्रह केला. सत्याग्रही तुरुंगात गेले, बापट तुरुंगात गेले आणि धरण झाले. गावे बुडाली. भिरा येथे वीज निर्माण झाली आणि मुंबईच्या गिरण्या-गाड्यांना ती मिळाली. किती एकर जमीन गेली व कोणत्या दराने मोबदला ठरला, याची कागदपत्रे सापडतात. बुडालेल्या गावांतील बायाबापड्यांच्या उरात काय राहिले ते कोणत्याच दप्तरात नाही. ते पुढच्या पिढ्यांनी वाहिले. भांडवलशाहीचा हिशेब असाच असतो. नफा ताळेबंदात चढतो, दुःखाची नोंद होत नाही, आणि नोंद न झालेले ओझे कोणीतरी फुकट उचलावे लागते. पूर्वी ते घरातल्या बाईने उचलले. आता त्यात गावातल्या शिक्षकाची भर पडली आहे. पिरंगुटपासून हिंजवडीपर्यंत कारखाने आले, इमारती आल्या, परमुलखातून मजूर आले. त्यांच्या अपघातांचा, स्थलांतराचा, व्यसनांचा, मोडलेल्या घरांचा सगळा गाळ वाहत वाहत जिल्हा परिषदेच्या शाळेत येऊन बसतो. कारखानदाराच्या उत्पादनखर्चात हा गाळ उपसण्याची मजुरी धरलेली नसते. एका अर्थी शिक्षक ती कारखानदाराला दान देत असतो.

मग शिक्षक हा कामगार का मानला जात नाही? याचे उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली दिले. गोव्यातील एका शिक्षिकेने नोकरीवरून काढल्याबद्दल दाद मागितली, तेव्हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने शिक्षक हा कामगार नव्हे, असा निकाल झाला. अध्यापन हे उदात्त कार्य, ते जीवितकार्य. अंगमेहनतीच्या वा कारकुनी कामाच्या व्याख्येत ते बसावयाचे नाही, ही त्यामागची भूमिका होती. उदात्त म्हटले की हक्काची भाषा संपली! वास्तविक आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने २०१० साली व्यवसायजन्य रोगांची सुधारलेली यादी प्रसिद्ध केली, तिच्यात आघातानंतरच्या मानसिक विकाराचा समावेश आहे. आपल्याकडे १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने शिसे, पारा, दगडाची धूळ यांनी होणारे रोग ओळखले. कामापायी मनाला होणाऱ्या इजेला त्या यादीत स्थान मिळाले नाही. खाणकामगाराच्या फुप्फुसात धूळ साठते हे मान्य व्हावयास कैक वर्षांचे लढे लागले. शिक्षकाच्या मनात जे साठते त्याचा लढा अजून सुरूही झालेला नाही.

तो सुरू न होण्यात समाजवादी चळवळीचाही वाटा आहे, हे साप्ताहिकाच्या याच पानावर लिहिले गेले पाहिजे. साने गुरुजींनी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात अध्यापन केले आणि मातृहृदयी शिक्षकाची एक प्रतिमा महाराष्ट्राला दिली. मुलांच्या अश्रूंशी एकरूप होणारा, त्यांची आजारपणे काढणारा, स्वतःसाठी काहीही न मागणारा असा तो शिक्षक. सेवादलाच्या शाखांतून, शिबिरांतून, गुरुजींच्या जयंत्यांतून ही प्रतिमा दोन-तीन पिढ्यांच्या मनावर कोरली गेली. हजारो ध्येयवादी शिक्षक तिच्यातून घडले, याबद्दल चळवळीला अभिमान वाटावा. परंतु त्याच प्रतिमेचा आज सरकार बेमालूम वापर करते. शिक्षकाने थकलो म्हणू नये, कारण गुरुजी थकले नव्हते. रजा मागू नये, कारण गुरुजींनी मागितली नव्हती. आणि गुरुजी खरोखर थकले नव्हते काय? ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःहून या जगाचा निरोप घेतला. त्या मृत्यूचा एकच एक अर्थ लावण्याचा अगोचरपणा कोणी करू नये. देशाच्या अवस्थेचे, गांधीहत्येचे, सहकाऱ्यांच्या तुटलेपणाचे कितीतरी पदर त्याला असतील. तरीही ज्याने अनेकांचे दुःख आपल्या अंगावर घेतले त्याचे दुःख घ्यावयास कोण होते, हा प्रश्न गुरुजींच्या जयंतीच्या भाषणांत विचारला जात नाही. मातृहृदय हा गुण आहे. त्याला वेतन, विसावा व सोबत नाकारण्याचे कारण बनविणे ही शुद्ध लबाडी आहे.

शिक्षक संघटनांनाही या बाबतीत मोकळे सोडता येणार नाही. जुन्या पेन्शनसाठी १४ मार्च २०२३ पासून आठवडाभर राज्यभर संप झाला. कमी पटाच्या शाळांवर कंत्राटी शिक्षक नेमण्याच्या धोरणाविरुद्ध व नव्या संचमान्यतेविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ रोजी प्राथमिक शिक्षक सामूहिक रजेवर गेले, आणि कंत्राटी नेमणुकीचा तो निर्णय सरकारला पुढे मागे घ्यावा लागला. संघटनांत बळ आहे हे यावरून दिसते. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेल्या ७ सदस्यांची सोय घटनेने केली आहे. असे असता, मुलांच्या आघाताने शिक्षकावर होणारा आघात हा नोकरीच्या अटींचा प्रश्न म्हणून मागणीपत्रात का येत नाही? शिक्षकाला ते कबूल करण्याची लाज वाटते, हे एक कारण. 'बाईंचे डोके फिरले' हे गावात पसरावयास वेळ लागत नाही. दुसरे कारण असे की सर्वांत जास्त सोसणारा हा संघटनेत सर्वांत दुबळा असतो. शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे मानधनावर राबणारा तरुण, ज्याचे मानधन २०२३ मध्ये वाढवून प्राथमिकसाठी १६,००० रुपये करण्यात आले, तो आडवळणाच्या वाडीवर एकटा राहतो, आणि कायम होण्याच्या आशेवर तोंड मिटून असतो.

सरकारकडे यावर उत्तर आहे, ते म्हणजे टेलिफोन. केंद्राने जुलै २०२० मध्ये विद्यार्थी, शिक्षक व पालक यांच्यासाठी 'मनोदर्पण' नावाचा उपक्रम काढला, ऑक्टोबर २०२२ मध्ये 'टेलिमानस' ही दूरध्वनी सेवा आली. या सेवांना नावे ठेवण्याचे कारण नाही. मध्यरात्री ज्याला कोणीच नाही त्याला त्या तारतील. पण दोन शिक्षकांच्या शाळेत ज्याला पाच वर्ग एकत्र सांभाळावयाचे आहेत, मध्यान्ह भोजनाचा हिशेब ठेवावयाचा आहे, मोबाइलवर तऱ्हेतऱ्हेची माहिती भरावयाची आहे आणि मतदारयाद्यांचे काम अंगावर आहे, त्याला फोन करून मन मोकळे कर म्हणणे म्हणजे बुडणाऱ्याला पोहण्याचे पुस्तक पाठविणे होय. उलट दिशेने सरकारची पावले कशी पडतात तेही पाहावे. २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याची टूम निघाली आणि तिच्यासाठी नमुना म्हणून दाखविली गेली ती मुळशीच्या शेजारच्या वेल्हे तालुक्यातील पानशेतची शाळा. वाडीवरच्या मुलाला गाडीत घालून दूरच्या मोठ्या वर्गात बसविले की त्याच्या घरी काय घडले हे ओळखणारा शेवटचा माणूसही दूर होतो. शिक्षकाचा ताण कमी करण्याचा हा एक मार्ग खराच: मूल अनोळखी करून टाकणे!

काय करता येईल ते फार अवघड नाही आणि त्याला परदेशी तज्ज्ञही लागत नाहीत. महाराष्ट्रात दहा-बारा शाळांचे मिळून एक केंद्र असते आणि केंद्राची शिक्षण परिषद भरते. तेथे आज परिपत्रके वाचली जातात. तिचा अर्धा वेळ केवळ शिक्षकांनी एकमेकांना आपापल्या वर्गातले सांगण्यासाठी, कोणत्याही अधिकाऱ्याच्या उपस्थितीवाचून व इतिवृत्तावाचून, राखून ठेवावा. प्रत्येक केंद्राला एक प्रशिक्षित समुपदेशक कायम वेतनश्रेणीत मिळावा. त्याने मुलांचे ऐकावे, तसेच शिक्षकांचेही ऐकावे. गावात दरड, आग, सामूहिक मृत्यू अशी आपत्ती घडली तर त्या शाळेवर सहा महिने एक जादा शिक्षक द्यावा, म्हणजे मूळच्या शिक्षकाला श्वास घ्यावयास उसंत मिळेल. अत्याचाराच्या खटल्यात साक्ष द्यावी लागणाऱ्या शिक्षिकेला कर्तव्यकाल, प्रवासभत्ता, संरक्षण व हवी असल्यास इच्छित स्थळी बदली मिळावी. आणि कारखान्याच्या परवान्यांबरोबरच, तेथे माणसे मेली तर आसपासच्या शाळांतील अशा मदतीचा खर्च कारखानदाराकडून वसूल करण्याची तरतूद असावी. प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी हे तत्त्व नदीच्या पाण्याला लागू होते. मुलांच्या मनाला ते का लागू नये?

पक्षाच्या कार्यकर्त्यांसाठी येथे प्रत्यक्ष काम आहे. पौड येथे पंचायत समितीचे कार्यालय आहे, गटशिक्षणाधिकारी तेथे बसतात. उरवडे, पिरंगुट व भोवतालच्या शाळांत आगीत आई वा बाप गेलेली किती मुले शिकली, त्यांतली किती शाळेत टिकली, त्यांना शिकविणाऱ्यांना त्या काळात कोणते साहाय्य मिळाले, ही माहिती माहितीच्या अधिकाराखाली मागता येते. अर्जाला १० रुपये लागतात. उत्तर ३० दिवसांत द्यावयाचे असते. तालुक्यातील शिक्षक संघटनेच्या पुढच्या मागणीपत्रात केंद्रनिहाय समुपदेशकाची मागणी घालण्यासाठी तिच्या पदाधिकाऱ्यांना भेटता येते, आणि ७ जूनला उरवड्यात मृतांच्या स्मरणासाठी जी माणसे जमतील त्यांत कारखान्याच्या कामगारांबरोबर शाळेतल्या बाईंनाही बोलावता येते. त्यांना व्यासपीठावर बसवून भाषण करावयास लावू नये. त्या बोलतील तेव्हा ऐकावे.